दर रविवारी, न चुकता

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.
नवा संकल्प. यापुढे दर रविवारी, न चुकता, आईकडे. दहा ते बारा. ती राहते ते घर बसने वीस मिनिटांवर. सहाच म्हातारी माणसं, सहाही विसराळू, एक स्वयंपाकघर, एक मोठं टेबल. संस्था वाटतच नाही. मीच शोधलं. परदेशातल्या ताईला फोनवर सांगूनही टाकलं की मी दर रविवारी जातो. जाणारच आहे, तेव्हा खोटं नाही.

दुपारी १.
गेलो नाही. पाठीत उसण भरली. घर चालवणाऱ्या मॅडमना फोन केला, आईला तेवढा निरोप द्या म्हणालो. निरोप देणं हीसुद्धा एक प्रकारची भेटच.

१० ऑगस्ट, रविवार.
पोचलो! पावणेबारा वाजले, पण पोचलो. आई टेबलाशी नॅपकिनांच्या घड्या घालत होती. विचारलं, ओळख पाहू मी कोण? ओशाळून हसली. बसा, म्हणाली. बसा!
मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, असं विचारू नका, परीक्षा घेतल्यासारखं होतं. सरळ म्हणावं, आई, मी आलोय. मला शिकवतायत! चोपन्न वर्षं मुलगा आहे मी तिचा. तिने ओळखलंच होतं. जरा आदराने बोलली, एवढंच.
ताईला कळवलं, आई मला बघून हसली. शब्दशः खरं.

१७ ऑगस्ट.
मॅच होती. मॅडमना सांगितलं, काम निघालं.

२० ऑगस्ट, बुधवार.
ताई ३१ला येतेय! म्हणाली, तुला तरी आई ओळखते, नशीबवान आहेस. मी नाही म्हणालो नाही. बायको म्हणते, आता तोंडघशी पडाल. हिचा स्वभावच तसा.
अकरा दिवस आहेत. रोज जाऊन ओळख पक्की करतो. आईचीही उजळणी होईल.

२४ ऑगस्ट, रविवार.
तीन दिवस ऑफिस. आज मात्र वेळेच्या आधी गेलो. आई आंघोळीला गेलेली, आणि मॅडम तिने घडी घातलेले चाळीसच्या चाळीस नॅपकिन झटकून परत टोपलीत टाकतायत! भडकलो. म्हातारीच्या कष्टांची काही किंमत? त्या शांतपणे म्हणाल्या, घड्या संपल्या की त्या दारापाशी जाऊन बसतात. मुलाची वाट बघत. मग जेवायलाही उठत नाहीत.
टोपली मीच उचलून आईपुढे ठेवली. ठेवा तिथे, म्हणाली. टोपलीवाला समजली असावी. तासभर दोघांनी घड्या घातल्या. माझ्या तिने उलगडून परत घातल्या. कोपऱ्याला कोपरा जुळत नाही म्हणे.
उद्यापासून रोज.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
रोज जमलं नाही. त्याऐवजी माझा मोठा फोटो फ्रेम करून पाठवला, आईच्या पलंगासमोर लावायला. मॅडमचा फोन आला. आईने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. हे गृहस्थ सारखे बघत बसतात, म्हणाली.
शर्ट चुकला बहुतेक.

३१ ऑगस्ट, रविवार.
आईने ताईला दारातच ओळखलं. नावाने हाक मारली. दोन वर्षांनी आलेल्या ताईला. मला म्हणाली, टोपली तिकडे ठेवा.
ताईने माझ्याकडे पाहिलं. मग आईला विचारलं, धाकटा येतो का गं? आई म्हणाली, येतो तर. दर रविवारी, न चुकता. मॅडम नॅपकिनांकडे बघत राहिल्या. ताईने माझा हात दाबला. म्हणाली, बघ, चेहरा विसरली, पण तुझं येणं नाही विसरली.
ताई हात धुवायला आत गेली. आईने मला खुणेने जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, येत नाही हो तो. कामं असतात, पाठही दुखते त्याची. पण पोरगी इतक्या लांबून आलीय, तिच्यापुढे त्याची शोभा कशाला? तुम्हीही बोलू नका.
आई, मी आलोय. तीनच शब्द, तेही शिकवलेले. तोंडातून निघालं, नाही बोलणार.
लाज वाटली. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणेन, वाटलीच नव्हती.
परतताना ताई सारखी माझं कौतुक करत होती. मी गप्प. आईला दिलेला शब्द. तेवढा एक पाळला.