काच निवायला लागणारे दिवस

९ सप्टेंबर

आठच्या बोटीने बेनब्रिज बेटावर. केइकोने तिच्या बागेत एकतीस काचवस्तू झाडांमध्ये मांडल्या आहेत. पुस्तिकेसाठी छायाचित्रे काढायची आणि प्रत्येकीच्या स्थितीबद्दल दोन ओळी लिहून द्यायच्या — एवढे निवृत्त न्यायाधीशाला जमावे.

पाच वस्तू हालवोरने घडवलेल्या आहेत. तो माझा मेहुणा; एप्रिलपासून हे नाते मी उच्चारत नाही. तोरुन, माझी धाकटी बहीण, एप्रिलात गेली. मी पोचले ती दुसऱ्या दिवशी. शेवटचा आठवडाभर हालवोर भट्टीपाशीच होता, असे नर्स म्हणाली. पुढे मी काही विचारले नाही.

११ सप्टेंबर

धुके. प्रत्येक काचेत फक्त मीच दिसते. काम बंद.

१४ सप्टेंबर

रात्रीतून एका गोगलगायीने केशरी गोळ्यावर चंदेरी रेघ ओढून ठेवली. केइको फडके घेऊन धावली. मी अडवले.

"गुद्रुनबाई, पुस्तिकेत गोगलगायीची रेघ?"

"ती हजर होती," मी म्हटले. "नोंद राहू दे."

१७ सप्टेंबर

फर्नच्या वाफ्यात हालवोरची काच : फर्नचा गुंडाळलेला कोवळा कोंब, फिकट हिरवा, भरीव, मनगटाएवढा जाड. वाटेला लागून आहे. मुले वाकून हात लावतात.

चकाकी कापणारा फिल्टर लेन्सवर चढवला, खाली बसून कोंबामागे उत्तरेचे निळे आकाश घेतले आणि फिल्टर फिरवला. स्वच्छ काचेत इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटले! उरलेल्या तीसही तशाच पाहिल्या. कुठे काही नाही.

याचा अर्थ तोरुननेच मला कधीतरी समजावला होता. काच भट्टीत हळूहळू निवू द्यावी लागते. घाई केली तर ताण आत अडकून राहतो, असे पट्टे ही त्याची खूण, आणि एखाद्या थंडीत काच आपणहून फुटते.

तळाशी महिना कोरला आहे : एप्रिल. म्हणजे बहिणीला सोडून जे केले, तेही धड केले नाही.

२० सप्टेंबर

केइकोला पत्र. दोष, त्याचा पुरावा, संभाव्य इजा. कारण — कारागिराचा निष्काळजीपणा. हा शब्द दोनदा तपासला आणि राहू दिला. दुपारपर्यंत तिने काच उचलून हालवोरकडे पाठवली. त्याने वाद घातला नाही, असे कळवते. त्याच्या कार्यशाळेचा नियम आहे : सदोष काच बाहेर राहत नाही, ज्याने घडवली त्यानेच ती फोडायची. शनिवारी फोडणार आहे. मला निरोप : "न्यायाधीशबाईंना म्हणावं, शिक्षा दिलीत, आता अंमलबजावणीलाही या."

२२ सप्टेंबर

जाणार आहे. न जाण्याला सबळ कारण सापडत नाही.

२३ सप्टेंबर

त्याने आधी कॉफी दिली. काच टेबलावर, शेजारी हातोडी.

एवढी जाड काच निवायला किती दिवस लागतात, असे मी विचारले.

"नऊ."

"मग ही लवकर का काढलीस?"

"डॉक्टरांनी तोरुनला पाच दिवस दिले होते. चौथ्या दिवशी काढली. कोमट होती अजून. पंच्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. तिचे हात गार पडायचे, तुला ठाऊक आहे. गार होईपर्यंत सोडली नाही तिने." मग म्हणाला, "बागेत ठेवायला नको होती. तेवढं चुकलं माझं."

हातोडी मी माझ्या पिशवीत टाकली. काच उचलली.

केइकोला दुसरे पत्र : दोषाचा निष्कर्ष कायम. 'निष्काळजीपणा' हा शब्द मागे घेते.

काच आता माझ्या खिडकीत आहे. तिच्याखालची माझी रोजची खुर्ची मी हलवलेली नाही.