नारळाएवढं बोंड आणि माझं मशीन

वामनराव ढोले बियाणेवाले बाजारभर सांगत सुटले आहेत की टाकीजमधली कापसाच्या जाहिरातीची स्लाइड खोटी निघाली ती शीलाबाईच्या मशीनमुळे. मशीन खोटं बोलत नाही. कॉम्प्युटरवर जे चित्र ठेवाल तेच ते फिल्मच्या रिळावर उतरवते. आत लाल, हिरवी, निळी काच फिरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, एवढाच त्याचा नखरा.

मी, शीला धर्मपाल मुनेश्वर, वय ४८, चौथी पास, राहणार आर्णी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. दोन डिसेंबरला नागपुरात ऑपरेशन आहे. पोटाचं आहे, डोक्याचं नाही, हे वकीलसाहेबांनी नोंदवावं.

१. घर व पुढचा स्टुडिओ मुलगी मोनालीला. मुलगा राजदीप याला बापाची मोटारसायकल. ती तो न विचारता घेऊन गेलाच आहे.

२. मशीनही मोनालीला. माझ्या मालकांनी ते जुनं आणलं तेव्हा दीर पंजाबराव म्हणाले, बाईले यातलं काय समजते. मग चित्र कुठवर आलं हे पाहायला त्यांनीच चालू मशीनचं झाकण उघडलं आणि आत उजेड सोडून एका लग्नाचं अख्खं रीळ कोरं केलं. ते कोरं रीळ पंजाबरावांना देण्यात यावं.

३. वामनराव बोंडाचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "बाई, नारळाएवढं कर."

मी म्हटलं, "भाऊ, एवढ्या बोंडानं झाड मोडन."

"झाड दाखव म्हणून तुले कोण म्हणते?"

मी बोंड फुगवलं. ही चूक माझी, लिहून देते. शेतात बोंडं सुपारीएवढी आली तेव्हा लोक माझ्या दारात येऊन ओरडले. वामनरावांना कोण बोलणार? पुढच्या साली बियाणं त्यांच्याकडूनच घ्यायचं. आता स्टुडिओत मोनाली बसते, तिच्याकडे पासपोर्ट फोटोलाही कोणी येत नाही.

४. पण गिऱ्हाइकाने पास केलेल्या कामाची एक जादा पट्टी मी न कापता पाकिटात जपून ठेवते. खरं बोंड आणि फुगवलेलं बोंड एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी आहे. पाकिटावर वामनरावांचा शिक्का, सही आणि त्यांच्याच अक्षरात 'मोठं पास'. त्यांनी भरबाजारात कबूल करावं. नाही केलं तर टाकीजचे ऑपरेटर पूनमसिंग ही दोन्ही चित्रं आणि पाकिटाची स्लाइड मध्यंतरात पडद्यावर दाखवतील. मी जगली तरी, मेली तरी.

साक्षीदार: पूनमसिंग राठोड, टाकीज ऑपरेटर. हंसाबाई भगत, शेजारीण.
सही: शीला ध. मुनेश्वर
आर्णी, जि. यवतमाळ, १४ नोव्हेंबर २००४

वामनरावांना नक्कल पाठवली आहे. कबूल करता की नाही, ते तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत स्वतःच्या हाताने लिहून स्टुडिओत आणून द्यावं. नोकराच्या हाती पाठवू नये, अक्षर पाकिटावरच्या अक्षराशी ताडून पाहायचं आहे.