वलांडीची जागा

प्रिय बाबा,

आज इथे गुजरातेत, जाफराबादला, परक्याच्या वलांडीच्या दोरांवर बोंबील वाळत घालत होतो. जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून, तू शिकवलंस तसेच. शेठ म्हणाला, "हाथ अच्छा चलता है तेरा! गाव में अपनी जगा नहीं क्या?" काय सांगू त्याला? आता तुलाच लिहायला बसलो.

दर फोनला मी विचारायचो, "बाबा, वलांडी बरी हाय ना?" आणि तू म्हणायचास, "हाय रं, ती कुठं पलून जातेय?" वर हसायचास. का हसायचास, बाबा?

तुझ्या बाराव्याला आलो, किनाऱ्यावर गेलो, तर आपल्या मासळीच्या खळ्यात, वलांडीच्या जागी, शाळेच्या नव्या खोल्या! आत पोरं पाढे म्हणत होती. मी तिथेच वाळूत बसलो.

आई म्हणाली, "शाला पाडून नवी बांधायची होती. तवर पोरांनी बसायचं कुठं? बंद ठेवली असती तर तरीतून खाडीपलीकडं धाडायला लागली असती. एका हंगामापुरतं म्हनून तुज्या बापानं वलांडीचं खांब उपटलं, वर ताडपत्री बांधून दिली."

खांब उपटलेस? तू? किनाऱ्यावर जागेचा कागद आहे कुणाकडे? ज्याचे खांब उभे त्याची जागा, हे तूच सांगितलंस ना मला? वाऱ्यानं एक खांब कलला तरी भरल्या ताटावरून उठायचास!

शाळा कमिटीच्या अध्यक्षानं देवळात नारळावर हात ठेवला होता म्हणे, बांधकाम झालं की जागा मोकळी करून देतो. मग पोरं वाढली, वर्ग कमी पडले. तू जागा मागायला गेलास तर तोच म्हणाला, "नाना, तुमची वलांडी कुठं दिसतेय इथं? मोकली जागा गावाची." आणि सगळा कोळीवाडा गप्प! ज्यांच्या होड्या तू खांदा लावून वर ओढल्यास, तेही.

त्यांचं एक वेळ समजतं. पण तू? मी इथे कशासाठी हाडं मोडत होतो? पैसे साठवून येतो, खळं वाढवू, सुकी मासळी आपणच विकू, असं ठरलं होतं ना आपलं? तिकडे खोल्यांचा पाया खणत होते आणि तू फोनवर म्हणालास, "ये तू, मी खांबांना डांबर फासून ठेवतो." एकदा खरं बोलला असतास तर मिळेल त्या गाडीनं आलो असतो. भांडलो असतो. हरलो असतो, पण तुझ्या शेजारी उभा राहून हरलो असतो. तेवढंही नाही दिलंस मला.

निघायच्या दिवशी ताईची चिमी त्या खोलीतून धावत आली. "मामा, माजा वर्ग बघ! पंखा पन हाय!" तिच्यावर कसा रागावू? तो राग पण तुझ्याच वाट्याचा.

माफ केलं असं लिहीत नाही. मनात नसलेलं गोड बोलून दाखवलं तर ते तुझ्या फोनसारखंच होईल.

पण ऐक. बोंबलाच्या हंगामाआधी गावी येतोय, कायमचा. शाळेला हात लावणार नाही, पोरांनी काय केलंय आपलं? खोल्या आणि भरतीची रेघ यांच्यामध्ये जो पट्टा उरलाय तिथे खांब रोवणार. दिवसाढवळ्या, शाळा भरलेली असताना, अध्यक्षाच्या डोळ्यांदेखत. वर्गात वास जाईल? जाऊ दे! आपण कुणाच्या खळ्यात बसून शिकतोय, हे पोरांना नाकानं तरी कळेल.

तुझा, अजून रागात असलेला,
संत्या