सदतीस क्रमांकाचा नमुना

४ जानेवारी
कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून आमच्या बॅचला यंदा चाळीस वर्षं होतात. मार्चअखेर स्नेहमेळावा. त्यासाठी प्रत्येकाची नोकरी आणि घरची खबरबात देणारी पुस्तिका काढायचं ठरलं. काम माझ्याकडे एकमताने आलं. म्हणजे, मी करते असं ग्रुपवर लिहिलं आणि दहा मिनिटांत कोणी हरकत घेतली नाही. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून रिटायर झालेल्या बाईवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.
संकल्प: प्रत्येकी शंभर शब्द. मुदत ३१ जानेवारी. मुदतवाढ नाही.

१२ जानेवारी
बासष्टांपैकी चौघांची माहिती आली. अकरा जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. अंगठा छापता येत नाही.
गांडूळने अकरा पानं पाठवली. कॉलेजपासून गांडूळखताखेरीज दुसरा विषय नाही, म्हणून त्याचं हे नाव. बायको शेवटच्या पानावर येते, तीही पोती शिवताना.
प्राचार्य झालेल्याने पुरस्कारांच्या कपाटाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, बाकीचं तूच छान लिहिशील.
हॉस्टेलमधल्या माझ्या रूममेटच्या तीन ओळी. नोकरी केली नाही. सासूबाईंचं केलं, आता घरी असते. मुलगी आली की आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलतो आणि उगाच हसतो.
ही काय माहिती झाली? फोन करून विचारलं, आणखी काही? म्हणाली, अगं, एवढंच आहे. पुरेसं आहे की.

१९ जानेवारी
स्वतःची माहिती लिहायला बसले. पदं, समित्या, प्रशिक्षणं: वीस मिनिटांत झालं. मग ‘कुटुंब’ हा रकाना आला.
कन्येला मृदाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण दिलं. चांगली संशोधन संस्था होती. तीन वर्षांपूर्वी सोडली आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान काढलं. तेव्हापासून आमचं बोलणं औषधाच्या गोळ्यांइतकं, ठरलेल्या वेळी आणि थोडं.
‘शाश्वत वाहतूक क्षेत्रात कार्यरत’ असं लिहिलं. खोटं काही नाही.
फोनवर तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, मी सायकली दुरुस्त करते. तेवढंच लिही. पंक्चर काढते म्हटलंस तरी चालेल. मी म्हटलं, पुस्तिकेला एक दर्जा आहे. ती म्हणाली, मग मला वगळ.
फोन तिने ठेवला. मी ठेवणारच होते.

३१ जानेवारी
एकोणीस आले. नवी मुदत १५ फेब्रुवारी. ही मुदतवाढ नव्हे, दुसरी मुदत आहे.
गुडघा दुखतो. बसून.

१६ फेब्रुवारी
एक्केचाळीस. बाकीच्यांचा नाद सोडला.
गांडूळची अकरा पानं शंभर शब्दांवर आणली. त्याने ग्रुपवर लिहिलं, बाईंनी प्राचार्यांची कपाटं ठेवली आणि माझी गांडुळं मारली. सतरा जण हसले. माहिती पाठवायला याच सतरा जणांना वेळ नव्हता.
पक्षपाताचा आरोप मी नोकरीतही कधी सहन केला नाही. आमच्याकडे तपासणीला आलेल्या नमुन्यावरून नाव आधी काढलं जायचं. बियाणं शेतकऱ्याचं की कंपनीचं, तपासणाऱ्याला कळत नसे. पिशवीवर फक्त क्रमांक.
उद्यापासून तेच. प्रत्येक मजकुरातून नाव, गाव, खातं काढायचं आणि क्रमांक टाकायचा. कुणाचा कुठला, ते वहीत. वही कपाटात, किल्ली माझ्याकडे.
हे म्हणाले, अगं, तूच नावं खोडणार, तूच क्रमांक घालणार. मग तुझ्यापासून लपवतं कोण? पद्धत समजावून सांगितली. ते झाडांना पाणी घालायला गेले.

२३ फेब्रुवारी
क्रमांक घालून झाले. माझा स्वतःचा सदतीस. स्वतःलाही सवलत नाही. कुटुंबाच्या रकान्यात ‘कन्या: एक. स्वावलंबी.’ एवढं ठेवलं. तिने वगळायला सांगितलं होतं; मी निम्मंच वगळलं. याहून समजूतदारपणा काय असतो?

२ मार्च
ह्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. प्रयोगशाळेतही एक नमुना दोघं तपासत. दुसरी नजर हवी, आणि ती आमच्या बॅचची नको. हे म्हणाले, कन्येला दे. वाचते चांगलं, आणि कुणाची भीड ठेवत नाही.
विचार केला. तिलाही चाळीस वर्षांचं कर्तृत्व एका जागी वाचायला मिळेल. सदतीसवर आल्यावर दोन ओळींत ओळखेल. कदाचित काही बोलेलही.
गठ्ठा पोस्टाने पाठवणार होते. हे म्हणाले, मीच देऊन येतो, नाहीतरी गुरुवारी जातोच. दर गुरुवारी हे वाचनालयात जातात अशी माझी समजूत होती. चौकशी केली नाही. मला कामं आहेत.

९ मार्च
गठ्ठा परत आला. कडेला वंगणाचे डाग. प्रत्येक पानावर पेन्सिलीने शेरा.
गांडूळवर: ‘यांना थांबवू नका. पूर्ण मजकूर मिळेल का?’ प्राचार्यांवर: ‘कपाट कोण पुसतं?’
रूममेटच्या तीन ओळींवर: ‘या मावशी कोण? यांना भेटता येणार असेल तर मेळाव्याला येते.’
म्हणजे येणार. तीन वर्षांनी. शेंगा सोलणाऱ्या बाईसाठी.
सदतीसवर सगळ्यात मोठा शेरा होता. उतरवून ठेवते. ‘हे गृहस्थ कोण आहेत? नऊ समित्या आहेत, पण घरात माणूस हलताना दिसत नाही. मुलीबद्दल दोन शब्द, तेही गोपनीय अहवालातल्यासारखे. तिच्याशी बोलत नसावेत. मेळाव्यात कुणीतरी यांच्या शेजारी बसा.’
नावगाव काढल्यावर ओळखणार तरी कशी? पद्धत चोख पाळल्याचाच हा पुरावा आहे.
ह्यांना दाखवलं नाही. त्यांनी बहुधा वाचलं असावं. संध्याकाळचा चहा त्यांनी केला आणि कपाखाली बशीही दिली.

११ मार्च
सदतीस नव्याने लिहायला घेतला. समित्या नवावरून दोनवर आणल्या. ‘कन्या सायकली दुरुस्त करते’ हे वाक्य लिहिलं. सरळ आहे. वाईट दिसत नाही.
पुढच्या वाक्यासाठी दीड तास बसले. दुकानाचा दरवाजा कुठल्या रंगाचा आहे, ती एकटी असते की जोडीला कोणी आहे, दुपारी काय खाते. शंभर शब्दांत मावतील अशा साध्या गोष्टी. एकही ठाऊक नाही.
छापखान्याला कळवलं, एक पान येणं बाकी आहे. तो म्हणाला, बाई, मुदत तुम्हीच दिली होती.

१४ मार्च, सकाळी
कन्येचा फोन, ठरलेल्या वेळेआधी. नेहमीसारखं गोळ्या घेतल्यास का, ते विचारलं नाही. सदतीस नंबरचे गृहस्थ कोण, ते तिला हवं होतं. म्हणाली, डोक्यातून जातच नाहीत.
नावं जाहीर करायची नसतात, असं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. सांगितलं, मी आहे.
पलीकडे कुणीतरी चाकात हवा भरत होतं. तो आवाज थांबला. ती म्हणाली, आई, अगं. मग म्हणाली, दुकान साडेआठला उघडतं, उद्या ये.
मी म्हटलं, उद्या छपाईचं काम आहे. तोंडातून गेलं. तिने बरं म्हटलं.

१४ मार्च, दुपारी
उद्या छपाईचं काहीही काम नाही. छापखाना माझ्याच पानासाठी अडून बसला आहे.
संकल्प: सकाळी साडेआठला दुकानात हजर राहायचं. बोलायचं कमी. सूचना करायच्या नाहीत, फारतर एक.
दुकानाचा पत्ता ह्यांच्याकडे आहे. तो सहज, दुसऱ्याच कामासाठी हवा आहे अशा बेताने मागायला हवा. तीनदा बाहेरच्या खोलीत जाऊन आले. तिन्ही वेळा पाणी पिऊन परतले.