विषय दुसरा : हितसंबंध

थॉर्नस्कार, यॉर्कशर
१६ जानेवारी १९९४

प्रिय एनिड,

स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. मोजे मापात आहेत, पत्र मात्र मापाबाहेर. शाळेच्या कारभार समितीवर गव्हर्नर झाल्यावर मी टोपीत पीस खोचून फिरते का, असं विचारतेस. पीस नाही आणि पगारही नाही. संध्याकाळी सहा वाजता पहिलीच्या वर्गात, पाच वर्षांच्या पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही नऊ जण बसतो. चहा आणि दोन बिस्किटं मिळतात. तिसरं घेतलं की मिसेस ऑथवेट बघते. वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर घारीची.

परवाच्या गुरुवारी सभा झाली. दुसऱ्या दिवशी तुझ्या भावाला, माझ्या विल्फला, जाऊन चार वर्षं होणार होती. माझं मन त्याच्या शेवटच्या आठवड्यात होतं, कागदांत नव्हतं. एरवी समितीचा प्रत्येक कागद मी बोट ठेवून वाचते, म्हणून सगळे मला हसतात. या वेळचा गठ्ठा मी पाकिटातून काढलाच नव्हता. अकरावा विषय आला, 'शाळेत मदतीला येणाऱ्यांसाठी नियम'. मी चष्मा वर सारायला हात उचलला, आणि अध्यक्ष पिकर्सगिल म्हणाले, अनुमोदन हिल्डाचं, मंजूर. चाळीस वर्षं मेंढ्यांचे लिलाव पुकारलेला माणूस तो. त्याच्यासमोर नाक खाजवलं तरी बोली लागते. मी चष्मा वर सारला. कशाला अनुमोदन दिलं, अजून वाचलेलं नाही.

जोडी नावाची ती पोर आता पानभर न अडखळता वाचते. सात वर्षांची आहे, दर बुधवारी शाळेत माझ्याकडे वाचायला बसते. आधी पुस्तक दिसलं की टेबलाखाली जायची.

तुझा लोभ असाच राहू दे, पण पत्रं थोडी मऊ लिही.

तुझी,
हिल्डा


व्हिट्बी
२१ जानेवारी १९९४

गव्हर्नरसाहेब हिल्डा यांस,

अ. आ.

माझ्या भावाने मेंढ्या विकल्या तेव्हाही पिकर्सगिलने त्याला दोन मेंढे जास्तीचे विकत घ्यायला लावले होते. विल्फ घरी येऊन म्हणाला होता की तो फक्त शिंकला. तेव्हा तुझं दुःख घराण्याला नवीन नाही. पण बाई, कागद वाच. जामच्या बरणीच्या लेबलावरची बारीक अक्षरंही तू सोडत नाहीस. नेमका हाच कागद का राहू द्यावास?

विल्फच्या दिवशी, चौदा तारखेला, मी बंदरावर जाऊन आले. एकटीच गेले. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

इथे एक पाहुणा आठवडाभर राहिला आणि रोज न्याहारीला हेरिंग मासा मागून मांजराला घालत होता. मांजर आता माझ्याकडे ढुंकून बघत नाही.

थंडीत डोकं झाकत जा. पिसाची वाट बघू नकोस.

तुझी थोरली नणंद,
एनिड


थॉर्नस्कार
४ फेब्रुवारी १९९४

प्रिय एनिड,

स. न. वि. वि.

वाचला. वाचून दोन दिवस स्वैपाकात मन लागलं नाही.

आधी हसायची गोष्ट सांगते. त्या नियमांच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे की पोहण्याच्या तलावाजवळ एका वेळी दोन मोठी माणसं हवीत. आपल्या शाळेत पाणी साठतं ते फक्त मुलांच्या स्वच्छतागृहात. ईस्टरच्या आत हे नियम करा असा जिल्ह्याचा हुकूम होता, म्हणून आपल्या मुख्याध्यापिकेने, मिसेस लॉइडने, शहरातल्या कुठल्या तरी मोठ्या शाळेचे आणून नाव बदललं. तिला दोष देत नाही. ती शिकवते, जेवण वाढते आणि नळही दुरुस्त करते.

सहाव्या पानावर मात्र हसू येत नाही. वर्गात कोणत्याही कामाला मदत करणाऱ्या माणसाकडे सोळाव्या वर्षीच्या इंग्रजी परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. बुधवारी गेले तर मिसेस लॉइडने मला बाजूला घेतलं. फार कानकोंडी झाली होती बिचारी. म्हणाली, नुसती औपचारिकता आहे हिल्डा, तुझं प्रमाणपत्र घरात कुठेतरी असेलच. मी म्हटलं, शोधते. आणि जोडीला न भेटता घरी आले.

तुला माहीत आहे घरात काय आहे ते. नवव्या वर्षी क्षयाच्या रुग्णालयात गेले, बाराव्या वर्षी परत आले तेव्हा मागच्या बाकावर बसवलं, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. वाचायला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर विल्फ रोज पेपर मोठ्याने वाचायचा, आणि त्याच्या खांद्यावरून बघत बघत, एकतीस वर्षांची झाल्यावर मी शिकले. हे इथे कुणाला ठाऊक नाही. वाचनालयाच्या गाडीतली सगळी पुस्तकं वाचणारी बाई अशी माझी ख्याती आहे. ती मला आवडते, खोटं कशाला बोलू.

तीन सभासदांनी मागितली तर जादा सभा भरते. मी आणि शेतकरी टेड आल्डरसन आणि पोस्टातली शीला अशा तिघांनी मागितली. चोवीस तारखेला आहे. त्यांना मी तलावाचंच कारण सांगितलं. दर सभेत दुसरा विषय असतो, आजच्या कामात कुणाचा स्वतःचा हितसंबंध आहे का. सगळे एका सुरात 'नाही' म्हणतात, चर्चमध्ये 'आमेन' म्हणावं तसं. आहे म्हटलं तर कारण सांगून बाहेर जावं लागतं, मत देता येत नाही. मी काय म्हणू?

तुझ्या उत्तराच्या आशेत,
हिल्डा


व्हिट्बी
९ फेब्रुवारी १९९४

चि. हिल्डा,

अ. आ.

'नाही' म्हण. खाली बस, हात वर कर, जिंक, आणि पोरीला वाचायला लाव. हितसंबंध वगैरे ज्यांच्या काकाचं बांधकामाचं दुकान असतं त्यांच्यासाठी. तू बाहेर गेलीस तर आत बोलणार कोण? टेड? तो दोन वाक्यं बोलायला एक हिवाळा घेतो.

आणि पस्तीस वर्षं झाकलेलं आता कशाला उघडायचं? विल्फने कुणाला सांगितलं नाही. मलाही त्याने लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं, तेही अभिमानाने, की माझी बायको काल पहिल्यांदा मला पेपर वाचून दाखवत होती. अभिमानाने बरं का. हे तुला कधी बोलले नव्हते.

माझा सल्ला तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी पोस्टाचं तिकीट खर्च केलं.

माया आहे, म्हणून ओरडते.

एनिड


थॉर्नस्कार
४ मार्च १९९४

प्रिय एनिड,

स. न. वि. वि.

नाही ऐकला.

सभेला नऊच्या नऊ आले होते. अध्यक्षांनी दुसरा विषय पुकारला आणि उत्तराची वाट न बघता तिसऱ्याकडे वळले. मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "आहे. माझा आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, आणि एकतीस वर्षांची होईपर्यंत मला वाचताच येत नव्हतं." मिसेस ऑथवेटचं बिस्किट चहात पडलं. चिटणीस ब्रेंडाने हळूच सांगितलं की मग नियमाप्रमाणे बाहेर बसावं लागेल. मी पर्स घेतली आणि गेले.

बाहेर मुलांच्या कोटांच्या खुंट्यांखाली एक लांब बाक आहे. त्यावर बसले. रडले नाही. वाटलं, ना मत राहिलं, ना ख्याती. एनिडचं ऐकायला हवं होतं. हो, असं वाटलं मला, आता ते पत्र फ्रेम करून ठेव.

पाचेक मिनिटांनी दार उघडलं. पिकर्सगिल बाहेर आले. निकाल सांगायला आले असं समजून मी उठले, तर ते म्हणाले, "हिल्डा, जरा सरक." आणि शेजारी बसले. दर शुक्रवारी ते मुलांना तोंडी हिशोब शिकवतात. चौदाव्या वर्षी बाजारात कामाला लागले, परीक्षा कसली ती बघितलीच नाही. मागून टेड आला. तो वसंतात कोकरं घेऊन वर्गात येतो. टोपी काढून बसला. मग शिवण शिकवणारी शीला. ती त्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि तिच्या आईला अजून माहीत नाही, तेव्हा तू कुणाला लिहू नकोस. शेवटी काठी टेकत मिसेस ऑथवेट. ती मुलांच्या प्रार्थनेला पियानो वाजवते, आणि टेडसारखंच तिच्याकडेही प्रमाणपत्र नाही. ती आल्यावर बाकावर जागा उरली नाही, टेड उठून उभा राहिला.

पाच जण बाहेर आणि आत चार. पाद्री, मिसेस लॉइड, एक शिक्षिका आणि डॉक्टरांची बायको. सभा भरायला पाच लागतात. पाद्रीबुवा दारातून डोकावून म्हणाले की चर्चमध्येही आतल्यापेक्षा बाहेर जास्त लोक असतात, सवय आहे त्यांना.

ब्रेंडा नियमांचं पुस्तक घेऊन अर्धा तास बसली. मग तिने सांगितलं की आज काही ठरवता येणार नाही, पण जानेवारीत ज्या पाच जणांचा हितसंबंध होता त्यांनीच मत दिलं होतं, तेव्हा ती मंजुरीही टिकत नाही. पूर्वीचीच रीत चालू राहणार. म्हणजे माणूस पोलिसांच्या नोंदीत नसावा आणि मिसेस लॉइडला पसंत असावा. नवे नियम मिसेस लॉइड स्वतः लिहील, तलाव वगळून. पिकर्सगिलनी बाकावर बसल्या बसल्याच हात आपटून सभा संपवली.

निघताना मिसेस ऑथवेटने माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळून काहीतरी कोंबलं. घरी येऊन बघितलं तर बिस्किटं, चार.

त्या रात्री विल्फच्या खुर्चीत बसून मी पेपर मोठ्याने वाचला, पहिल्या पानापासून मेंढ्यांच्या भावापर्यंत. घर तेवढंच रिकामं होतं. पण आवाज बरा वाटला.

बुधवारी शाळेत गेले. जोडी रुसलेली. पुस्तक उलटं धरून बसली होती. चार बुधवार कुठे होतीस, म्हणून तिने मला दटावलं. मी म्हटलं, बाहेर बसले होते, आत यायची परवानगी नव्हती.

तिने पुस्तक सुलटं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार वाजवायचं ना मग."

ईस्टरला ये. मांजराला घेऊन आलीस तरी चालेल. तुझी माया पुरेशी आहे, सल्ले कमी केलेस तरी कमी पडणार नाही.

तुझी,
हिल्डा