दोन शिकंजे आणि शेवंतीचं स्थळ

मंगळवार, दिवेलागण

शेवंतीला बघायला पाहुणे आले. पहिली आली ती मुलाची आत्या, अन् ओटीवरच्या शिकंज्यालाच ठेचकाळली! माझ्या दामूने बोईसरच्या कारखान्यात मिलिंग मशीनवर कापायचा लोखंडी तुकडा आवळून धरायला दोन शिकंजे, एक साधा अन् एक फिरता, पारखायला आणलेले, ते उचलायचे राहिलेच. मुलगाही मशीनवरचाच. शिकंज्यांपाशी उकिडवा बसला तो आमच्या शेवंतीकडे बघेचना. माझा जीव खालीवर, एकुलती नात माझी.

"हा फिरता घ्या मामा, तिरकं काम पण निघेल," दामूला म्हणाला.

चहा ठेवता ठेवता शेवंती बोलली, "बाबांचं काम सगळं सरळ. फिरता कशाला? साधाच घट्ट धरतो."

मुलाने मान वर केली ती खाली करेना!

आत्या म्हणे, "चहा पी रे, पोरगी पळत नाय."

दामूने साधाच ठेवला. रविवारी सुपारी फोडायला येतायत.