कोमलच्या अक्षता

वास्को, १७ नोव्हेंबर

चि. मधुकर यास प्रभाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उसाचा भारा पोचला. अरे, तुळशीच्या लग्नाला दोन कांडी पुरतात, बाकीच्याचा मी घाणा घालू? मागितले होते भात! कोमलचे लग्न चैत्रात. आपल्या घरच्या लेकींवर मामाच्या शेतातल्या तांदळाच्याच अक्षता पडतात, हे तुला सांगायला हवे? फोन केला की रेंज गेली म्हणून कापतोस, म्हणून हे पत्र. आता तरी तळीचे तोंड बांध आणि तिच्या पाण्यावर वायंगणाचे, उन्हाळी भात लाव. विनिताला आशीर्वाद. लोभ आहेच, किती ताणायचा ते तू ठरव.

ताई

हळर्ण, २८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. कारखान्याला ऊस हवा म्हणून वाड्यातल्या सगळ्या घरांनीच मिळून तळी फोडली, चर खणून पाणी नदीला सोडले आणि तिच्या खोलगट जागेतही ऊस लावला. आता कारखाना बंद, ट्रक येत नाही, ऊस उभ्या उभ्या वाळतो. पूर्वी तळीतले थिगूर मासे घरोघर वाटायचो. आता शिवरात्रीलाच विहीर आटते आणि विनिता मला बोलते. पण पाणी अडवले तर शेजारच्या गोकुळदासचा तळीतला ऊस बुडेल. तो म्हणतो, पुढच्या वर्षी कारखाना नक्की सुरू होणार. दरवर्षी म्हणतो. अक्षतांना म्हापशाहून बासमती धाडू का? भावजींना नमस्कार.

मधू

वास्को, ४ डिसेंबर

चि. मधुकर,

आज आशीर्वाद नाहीत. बासमती! वास्कोत काय दुकाने नाहीत? माझ्या लग्नात आपल्या मामाच्या शेतातल्या अक्षता तू मूठभर खाल्ल्या होत्यास, बाबा हसून दमले होते. कोमल तोंडाने काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही. भात नसेल तर तूही मांडवात येऊ नकोस.

प्रभावती

हळर्ण, २४ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझा ऊस तोडून गुरांना घातला आणि रविवारी फळ्या घेऊन एकटाच तळीच्या तोंडाशी उतरलो. गोकुळदास धावत आला, त्याने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. कोमलच्या अक्षतांसाठी आहे, एवढेच मी सांगितले. तरी शिव्या थांबल्या नाहीत. मग फळी वाकडी बसवतो म्हणून आणखी चिडला आणि स्वतःच चिखलात उतरला. पाणी चढते आहे. त्याचा ऊस गुडघाभर बुडाला.

रोपे साळ गावच्या मावशीने दिली, लावणी झाली. पण भात चैत्रात काही होत नाही, तेव्हा मुहूर्त वैशाखातला काढ. आणि पहिली पत्रिका गोकुळदासला. तो आतापासूनच विचारतो, बस किती वाजता सुटणार.

लोभ असावा, नसला तर मांडवात तरी जागा असावी.

मधू